टाचेचा गोल

"कापून दाखवता का?" कर्णिक बाईंनी विचारलं.

बाईंच्या पायात आमची चप्पल होती. कोल्हापुरात एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून कारागिरांचं प्रदर्शन भरवलं होतं. चैत्रातलं ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरत होतं. बुरूड होते, कुंभार होते, घोंगडीवाले होते आणि रांगेच्या शेवटी आम्ही चपलावाले. बाई सरकारी कचेरीतल्या. एकेकाचं काम बघत आमच्यापर्यंत आल्या, स्वतःच्या वहाणा काढल्या आणि आमचा एक जोड घालून मांडवाच्या त्या टोकापर्यंत चालून आल्या. चप्पल कर्रकर्र वाजत होती. लोक वळून बघत होते आणि बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"हा आवाज कशाचा हो?"

"बावचीच्या बिया हायती, बाई. तळाच्या दोन थरांच्या मधी घालायच्या. बाकीची चार घालत्यात, आमी पाच."

बाईंनी एक चप्पल हातात घेतली, उलटी केली आणि टाचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा गोल एका दमात काढलाय. मध्ये कुठंही रापी उचललेली दिसत नाही. आख्ख्या रांगेत असा गोल मी बघितला नाही. कुणी कापलाय?"

"मीच," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी ते विचारलं. कापून दाखवता का?

माझा उजवा हात धोतराच्या सोग्यात होता. त्या हाताला अंगठा नव्हता.

अंगठा जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. चप्पल शिवताना आरी टोचली. आरी टोचणं आमच्यात रोजचंच, मी चिमूटभर हळद दाबली आणि काम चालू ठेवलं. आठवड्यात हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, अंगठा देतोस की हात देतोस? अंगठा दिला. डावा अंगठा शिल्लक होता, म्हणून सरकारी कागदावर उठवायला अडचण आली नाही. पण रापी धरायला उजवा लागतो. रापी म्हणजे आमचं कातडं कापायचं हत्यार, रुंद पात्याचं. चप्पल म्हणजे तळ, आणि तळ म्हणजे रापी. ती ज्याच्या हातात तो कारागीर, बाकीची सगळी हाताखालची माणसं.

घरी येऊन मी भिंतीकडं तोंड करून पडलो. पंधरा दिवस पडलो. सोळाव्या दिवशी मालन, माझी बायको, उशाशी येऊन बसली.

"उठा."

"उठून काय करू?"

"वेणी घाला."

चपलेच्या पट्ट्यावर कातड्याची बारीक वेणी असते. ती घालायचं काम आमच्या घरात, सगळ्यांच्याच घरात, बायकांचं.

"वेणी बायकांचं काम हाय, मालन."

"आन् उपाशी बसायचं काम कुणाचं हाय? अंगठा गेलाय तुमचा, चार बोटं हायती न्हवं? वेणीला चार बोटं लई झाली."

"आन् कापायचं कुणी?"

ती उठली, दार लावलं, कोपऱ्यातली रापी आणली आणि माझ्यासमोर पाटावर कातडं पसरून एक तळ कापला. वाकडा आला. दुसरा कापला, तोही वाकडाच. तिसरा बरा आला.

आमच्यात बाई रापीला हात लावत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो, तेव्हा आरीला, हातोडीला बायका कुंकू लावतात, पण रापीला पुरुषच लावतो. माझ्या बापानं तसंच केलं, त्याच्या बापानंही. मी मालनच्या हाताकडं बघत राहिलो आणि मला राग यायला पाहिजे होता तो आला नाही. मी विचारलं, "कवा शिकलीस?"

"अठरा वर्सं तुमच्याम्होरं बसून वेणी घालतेय. डोळं मिटून घालत व्हते व्हय?"

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दोन-अडीच वर्षं तिथून पुढची. दार लावून ती कापायची, मी वेणी घालायचो. पहिल्या महिन्यात माझी वेणी बघून ती पदर तोंडाला लावून हसायची. "ही वेणी हाय का शेपूट?" मी तिच्या तळाला नावं ठेवायचो. सहा महिन्यांत दोघांनाही नावं ठेवायची सोय राहिली नाही. ती माझ्यापेक्षा चांगलं कापायला लागली. टाचेचा गोल मी तीनदा रापी उचलून काढायचो, ती श्वास आत घेऊन एकदाच रापी टेकवायची आणि गोल पुरा करूनच श्वास सोडायची. पाचवी बी तिचीच. म्हणाली, चार बियांची चप्पल कुरकुरती, पाचांची बोलती. गिऱ्हाईक वाढलं. लांबची माणसं पायाचं माप घेऊन यायला लागली.

गावाला मी सांगितलं होतं, डाव्या हातानं कापतो. बाकीच्यांनी विश्वास ठेवला. शेजारचा गणूआण्णा ठेवत नव्हता. तो नात्यानं माझा चुलतभाऊ आणि धंद्यानं बरोबरीचा. रस्त्यात भेटला की म्हणायचा, "तातोबा, डावा हात बरा चालतोय की तुजा. पर दार लावून कशापायी कापतोस? आत काय बाळतीण हाय व्हय?" आणि चार माणसं हसायची. मी पण हसायचो. रात्री त्याच हसण्याची चीड यायची.

प्रदर्शनात त्याचा ठेला आमच्या शेजारीच होता. बाईंनी विचारलं तेव्हा त्यानं हातातलं काम थांबवलं आणि मान आमच्याकडं वळवली.

मालन माझ्या मागं बसली होती. रापी तिच्या कमरेला फडक्यात गुंडाळलेली होती. गावाहून निघतानाच तिनं ती घेतली होती. मी विचारलं, कशाला गं? तर म्हणाली, असू द्या. आता बाईंचा प्रश्न ऐकून तिनं पाट पुढं ओढला. मला ते ओढणं ऐकू आलं. मी वळून बघितलं, तिचा हात कमरेकडं गेला होता. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात भीती नव्हती. मी काय बोलतो याची ती वाट बघत होती.

मी गणूआण्णाकडं बघितलं.

"डाव्या हातानं कापतो, बाई," मी म्हणालो. "उजव्याला इजा हाय. पर हितं गर्दीत हात चालायचा न्हाई."

"आणि या बाई काय करतात?"

"ती? ती वेणी घालती."

मालनचा हात कमरेवरून खाली आला. तिनं पाट मागं सारला, टोपलीतली अर्धी झालेली वेणी उचलली आणि बाईंच्या समोर घालायला लागली. माझीच वेणी होती ती. अडीच वर्षांत तिचा हात त्या कामातून गेला होता, दोनदा चुकली, दोनदा उसवली. बाई वेणीकडं बघतच नव्हत्या. त्या तिच्या उजव्या हाताच्या तळव्याकडं बघत होत्या. रापीच्या मुठीनं तिथं घट्टा पडला होता, रुपयाएवढा. बाईंनी चप्पल खाली ठेवली, "बरं," म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

"वाचलास," गणूआण्णा म्हणाला.

दुपारी मालन पाणी आणायला नळावर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदराचं टोक ओलं होतं.

"एवढा येळ?"

"गर्दी व्हती."

एवढंच बोलली. पण भाकरी सोडताना तिनं माझ्या पुढ्यात चटणी जास्त वाढली. मला वाटलं, राग गेला.

दिवस कलताना प्रदर्शन उठलं. ती टोपल्या घेऊन एस. टी. स्टँडकडं पुढं गेली आणि मी राहिलेलं बांधत होतो. तेवढ्यात एक शिपाई आला.

"सातपुते कोण?"

"मी."

"हे पाकीट. कर्णिक बाईंनी दिलंय. कारागिराच्याच हातात द्या म्हणाल्या."

"काय लिवलंय?"

"बंद पाकीट आहे बाबा, मला काय माहीत? बाई दुपारच्या गाडीनं मुंबईला गेल्या. पंधरा दिवसांत उत्तर पाठवा म्हणाल्या. घ्या वाचून कुणाकडून तरी."

मी पाकीट घेतलं. मला वाटलं, बाईंनी ओळखलं. आता कचेरीत बोलावतील, चार साहेबांच्या पुढं बसवतील, डाव्या हातात रापी देतील आणि म्हणतील, काप. गणूआण्णाला कळेल, गावाला कळेल. पाकीट मी बंडीच्या आत घातलं. मालनला सांगितलं नाही.

आमच्या घरात कागद लपवायला जागा शोधावी लागत नव्हती. एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात दवाखान्याचे कागद, घरपट्टीचे कागद. दोघांनाही अक्षर येत नव्हतं. कागदांत कागद टाकला की तो लपलाच. शाळेचे गुरुजी चार घरं सोडून राहायचे. त्यांच्याकडं गेलो असतो तर चहा प्यायच्या आत वाचून झालं असतं. गेलो नाही. मी दिवस मोजत होतो. पंधरावा दिवस उलटला त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

त्या सुमारास मालनला एक नवी सवय लागली. पोस्टमन गल्लीत शिरला, त्याची घंटी वाजली की ती रापी खाली ठेवून दाराशी जायची. तो पुढं निघून गेला की परत येऊन बसायची.

"म्हायेरच्या पत्राची वाट बगतीस व्हय?" मी एकदा विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

तिच्या माहेरी पत्र लिहिणारं कुणी नव्हतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. ती दाराशी जायची थांबली. कापताना बोलायची तेही थांबलं. खंडेनवमी आली. मी हत्यारं मांडली. आधीच्या दोन्ही वर्षी रापीला कुंकू तिनं लावलं होतं, दार लावून. त्या वर्षी तिनं रापी धुतली, पुसली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"आता हिची पूजा तुमीच करा."

"का गं?"

"बोटं दुखत्यात."

"बरी झाली की कापशील न्हवं?"

"न्हाई."

मी दोन-चार दिवस विचारत राहिलो. रागावलो. विनवणी पण केली. ती रागावली नाही, रडली नाही. "न्हाई" एवढंच म्हणायची, भाकरी थापता थापता. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायला लागली. आलेलं गिऱ्हाईक मी "हात दुखतोय" म्हणून परत पाठवायचो, पुढं ते यायचंच बंद झालं. शेवटी मी गणूआण्णाच्या छपरात वेणी घालायला जाऊन बसलो.

"ये तातोबा, ये," तो म्हणाला. "वेणी झ्याक घालतोस की. डावा हात काय म्हणतोय?"

तिथं मी एकवीस वर्षं वेणी घातली.

मग गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. समाजमंदिरात दुपारी तीन ते पाच. शिकवायला गावातलीच एक मुलगी, सुवर्णा, बारावी झालेली. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. गणूआण्णा वारला होता, त्याच्या मुलांनी छप्पर बंद केलं होतं, मला दुपार रिकामी होती. पहिल्या दिवशी पेन्सिल धरायला अंगठा नाही म्हणून मी उठून निघालो. सुवर्णा म्हणाली, "आजोबा, वेणी कशी घालायचा? तशीच धरा की." पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या मधे धरली. सात महिन्यांत मी दुकानाच्या पाट्या वाचायला लागलो, मग पोरांची पुस्तकं.

मालनला मी म्हणायचो, तू पण चल. ती म्हणायची, डोळ्यांत सारा आलाय, आता कशाला? तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

एका दुपारी मी पेटी काढली. घरपट्टीचे कागद वाचून दाखवले तिला, आकड्यांसकट. दवाखान्याचा कागद वाचला. ती उंबऱ्याशी सुपात डाळ निवडत बसली होती, डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त. म्हणाली, "वाचा, वाचा. सायेब झालासा." मला चेव चढला. खाली ते पाकीट होतं. खरं सांगायचं तर मी ते विसरलो होतो. एवढ्या वर्षांत भीती मेली होती. मी पाकीट फोडलं.

"ह्यो बग सरकारी कागद," मी म्हणालो, आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

"श्री-म-ती मा-लन-बाई ता-तो-बा सात-पु-ते यांस..."

सुपातली बोटं थांबली.

मी पण थांबलो. पुढचं मला दिसत होतं, एकेक अक्षर ओळखू येत होतं. मिटवून ठेवता आलं असतं. म्हणता आलं असतं, पुढचं पुसट झालंय. तिला कुठं दिसत होतं?

"वाचा की," ती म्हणाली.

मी वाचलं. नळावर झालेल्या बोलण्याप्रमाणे, असं लिहिलं होतं. आपण कापलेला तळ मी पाहिला आहे. मुलींना चप्पलकाम शिकवण्याचा वर्ग सुरू होत आहे, त्यात कापकाम शिकवण्यासाठी आपले नाव मी धरले आहे. राहण्याची सोय होईल. आपले पती वेणीकाम करतात असे आपण सांगितलेत, त्यांनाही त्या कामावर घेता येईल. पंधरा दिवसांत होकार कळवावा, म्हणजे नाव पक्के करते. खाली बाईंची सही.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मालननं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "परत वाचा. माझ्या नावापासनं."

मी परत वाचलं. ह्या वेळी अडखळलो नाही.

तिनं हात पुढं केला. मी कागद तिच्या हातात दिला. "ह्यात माजं नाव कुटं हाय?" मी तिचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं. ती त्या जागेवरून बोट फिरवत राहिली, तळाची कड साफ आलीय का बघताना फिरवायची तसं.

"बाई म्हणालीवती, कागद धाडते," ती म्हणाली. "मी तिला नळावर सगळं सांगितलं. तुमच्या म्हागारी सांगितलं, म्हणून तुमाला बोलले न्हाई. म्हटलं, कागद आला की सांगू. रोज त्या टपालवाल्याची घंटी ऐकत व्हते." ती थांबली. "आला न्हाई, तवा म्हटलं, शिकलेली बाई, माजं कशाला खरं मानंल? हसली आसंल. लई शिव्या घातल्या वो मी तिला. दर खंडेनवमीला घातल्या. आन् तिनं तर शबूद पाळला व्हता."

ती रडायला लागली. त्या बाईसाठी रडत होती.

"मालन," मी म्हणालो, "मला घाल शिव्या."

"तुमाला कशाला?" तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमाला वाचाया कुटं येत व्हतं?"

तिनं मला सुटायला वाट दिली होती आणि मी त्या वाटेनं सुटलो. गुरुजी चार घरं सोडून राहत होते हे मी बोललो नाही. पंधरा दिवस मोजले होते, ते उलटले त्या दिवशी पोटभर जेवलो होतो, हे बोललो नाही. मी कागदाची घडी घालत बसलो. पुढं ती चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत बोलायला दुपारी पुष्कळ होत्या.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "रापी कुटं हाय?"

माळ्यावर होती, त्याच फडक्यात. गंज चढला होता. तिनं दगडावर पाणी टाकून ती घासली, दिवस मावळेपर्यंत घासली. दुसऱ्या दिवशी मला कातड्याचा तुकडा आणायला सांगितलं. पाट मांडला. मी दार लावायला उठलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या उघडं."

गल्लीतून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. मला वाटलं, कुणी काही बोलेल. कुणी बोललं नाही. कुणाला त्याचं आता काही नव्हतं.

तिनं बोटांनी चाचपून कातड्यावर माप धरलं. लांब बाजू सरळ काढली, अंगठ्याकडचा वळसा काढला. टाचेपाशी आली तेव्हा थांबली आणि श्वास आत घेतला. रापी टेकवली. अर्ध्यावर हात थरथरला आणि तिला श्वास सोडावा लागला. परत टेकवली. परत सोडला. मग उरलेला गोल तिनं हळूहळू पुरा केला आणि कडेवरून बोट फिरवलं.

"न्हाई आला," ती म्हणाली, आणि रापी पुसून खाली ठेवली.

दुसऱ्या पायाचा तळ तिनं कापला नाही. मी पण म्हटलं नाही. तो एकच तळ त्या पेटीत आहे, कागदावर ठेवलेला. मधून मधून काढतो आणि टाचेच्या कडेवरून बोट फिरवतो. दोन ठिकाणी बोट अडतं.